मामा, मेई मेली का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन वीकांत एका रिलीजने खाल्ले, चौथा झोपण्यात गेला. आज जरा निवांत आहे आणि परवा हापिसाखालच्या टपरीवर जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून टंकायला बसलो.

आमच्या टीममध्ये एक थिअरीबहाद्दर आहे. कुठल्याही सिनेमाचं नाव काढा, साहेबांकडे त्याचा 'खरा अर्थ' तयार. गडी हुशार आहे, कोडही झकास लिहितो, पण गोष्ट जशी दिसते तशीच असू शकते हे त्याला मान्यच नाही. तर परवा कटिंग हातात घेऊन तो मला म्हणाला, "तू तो टोटोरो पाहिलायस ना? त्याची खरी स्टोरी माहितेय का? दोन्ही पोरी मेलेल्या असतात."

मी म्हणालो, "माहितेय. आणि ते साफ खोटं आहे." बहुतेक आवाज जरा चढला असावा, कारण बाकीची मंडळी बघायला लागली. "अरे, कार्टून आहे यार, एवढं काय चिडतोस?" असं म्हणून त्याने विषय बदलला. चिडायचं कारण तिथे उभ्या उभ्या सांगता येण्यासारखं नव्हतं. ते पुढे येईलच. आधी सिनेमा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. 'माय नेबर टोटोरो', १९८८, स्टुडिओ जिब्ली, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. काळ १९५० च्या दशकातला, जागा टोक्योच्या जवळचं खेडं. सात्सुकी आणि तिची चार वर्षांची धाकटी बहीण मेई वडिलांबरोबर एका जुन्या, मोडकळीला आलेल्या घरात राहायला येतात, कारण आई तिथून जवळच्या इस्पितळात आहे. घरामागे एक अवाढव्य कापराचं झाड, आणि झाडात राहतो टोटोरो. म्हणजे अस्वल, घुबड आणि आपला दुपारी जेवून आडवा झालेला एखादा काका, हे तिन्ही एकत्र केले तर जे होईल ते. पावसात बसस्टॉपवर सात्सुकी त्याला छत्री देते आणि छत्रीवर टपटपणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकून तो खूश होतो. बारा पाय असलेली मांजर-बस येते. सिनेमात व्हिलन नाही, मारामारी नाही. अर्ध्याहून जास्त वेळ काही 'घडत'च नाही, आणि तरी नजर हलत नाही.

मग इस्पितळातून तार येते. आईचं घरी येणं लांबतं. मेई हट्ट करते, सात्सुकी तिच्यावर ओरडते, आणि थोड्या वेळाने शेजारच्या आजीसमोर स्वतःच धाय मोकलून रडते. मेई ते बघते. आजीच्या शेतातलं खाल्लं की आई बरी होईल असं तिने ऐकलेलं असतं, म्हणून एक मक्याचं कणीस छातीशी धरून ती एकटीच इस्पितळाकडे चालायला लागते. आणि हरवते. अख्खं गाव शोधतं. सात्सुकी टोटोरोकडे जाते, मांजर-बस येते, मेई सापडते, दोघी आईच्या खिडकीसमोरच्या झाडावर बसून तिला बघतात, कणीस खिडकीत ठेवतात आणि परत फिरतात. संपलं.

आता ती थिअरी. टोटोरो हा मृत्यूचा देव आहे. मेई तळ्यात बुडून मेलेली आहे, कारण तळ्यात एक चप्पल सापडते. सात्सुकी तिच्या शोधात स्वतःहून मृत्यूच्या दारी जाते. मांजर-बस ही परलोकाची बस. तिच्या पाटीवर थांब्यांची नावं भराभर बदलतात, त्यात एक नाव 'थडग्यांची वाट' अशा अर्थाचं आहे. शेवटी शेवटी मुलींच्या सावल्या दिसत नाहीत. हरवलेली मेई जिथे बसलेली असते तिथे जिझोच्या मूर्ती आहेत, आणि जिझो म्हणजे मेलेल्या मुलांचा राखणदार. आईला 'भेटायला' गेलेल्या मुली आत का जात नाहीत? कारण त्या भुतं आहेत. शाबास.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. खोटं कशाला सांगू.

पण जरा थांबून बघा. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की काही लोक काय करतात? आधी गुन्हेगार ठरवतात आणि मग त्याचं नाव घेऊन लॉगमध्ये ग्रेप मारतात. दोन हजार ओळी हाती लागतात आणि प्रत्येक ओळ पुरावा वाटायला लागते. इथेही तेच झालंय. चप्पल सापडते, पण सात्सुकी ती बघून स्पष्ट सांगते की ही मेईची नाही. थिअरीवाले म्हणतात, ती खोटं बोलते. म्हणजे पात्राने जे सांगितलं ते सोयीचं असेल तर पुरावा, नसेल तर खोटं. जिझोचं म्हणाल तर तो मुलांचा राखणदार आहेच, वाटसरूंचाही आहे. तिकडे रस्त्याकडेला जागोजागी त्याच्या मूर्ती असतात, आपल्याकडे शेंदूर फासलेले मारुती असतात तशा. आणि सिनेमाच्या मध्यावर दोघी बहिणी पावसात जिझोच्याच देवळीत आडोशाला उभ्या राहतात, रीतसर त्याची परवानगी मागून. जिझो दिसला की मरण, असं असेल तर मग त्या तेव्हाच गेल्या म्हणायच्या. राहिली बसची पाटी. पुण्यात खुन्या मुरलीधर नावाचं देऊळ आहे. तिथे दर्शनाला जाणारा प्रत्येक जण खुनी नसतो एवढं मी पुणेकर म्हणून खात्रीने सांगू शकतो.

सावल्यांचं उत्तर तर सगळ्यात गमतीशीर आहे. हे प्रकरण इतकं पसरलं की २००७ च्या मे महिन्यात खुद्द स्टुडिओ जिब्लीला जाहीर करावं लागलं की टोटोरो मृत्यूचा देव नाही, मेई मेलेली नाही, काळजी करू नका. आणि सावल्या का नाहीत, तर त्या दृश्यांत त्या काढायची गरज वाटली नाही म्हणून. हाताने एकेक चित्र काढणाऱ्या माणसांनी थोडं काम वाचवलं हो! आम्ही नाही का, रिलीजच्या आदल्या रात्री 'हे पुढच्या स्प्रिंटमध्ये' म्हणून सोडून देत? उद्या कुणी त्यातून आमचाही गूढ हेतू शोधून काढेल.

हा प्रकार काही टोटोरोपुरता नाही. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये मागे झाडीत गळफास घेतलेला माणूस दिसतो, अशी वदंता कित्येक वर्षं चालली. तो सेटवर आणलेला एक मोठा पक्षी आहे. मुलांच्या कुठल्याही लाडक्या सिनेमाला ही गत चुकत नाही: नायक कोमात आहे, सगळं स्वप्न आहे, किंवा सगळे मेलेले आहेत. तीनच साचे. डार्क म्हणवणाऱ्या लोकांची कल्पनाशक्ती एवढीच असावी ह्याचं वाईट वाटतं.

असो. इथपर्यंत गंमत होती. पुढचा भाग गमतीचा नाही.

थिअरीला वजन यावं म्हणून तिला एक खरी घटना जोडली जाते. टोटोरोचा परिसर म्हणजे सायतामा प्रांतातल्या सायामाच्या टेकड्या. १ मे १९६३ ला तिथल्या सायामा गावातली एक सोळा वर्षांची शाळकरी मुलगी घरी परत आली नाही. खंडणीची चिठ्ठी आली आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. आता जोडणी बघा: सात्सुकी हे जपानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचं जुनं नाव, मेई म्हणजे इंग्रजी मे, म्हणजे दोन्ही नावं मे महिन्याची. खून मे महिन्यातला. शिवाय सिनेमात एका खोक्यावर 'सायामा चहा' असं लिहिलेलं दिसतं म्हणे. अहो, ते गाव चहासाठीच प्रसिद्ध आहे! नाशिकच्या सिनेमात द्राक्षाची पेटी दिसली तर त्यातून काय सिद्ध होतं? आणि नावांचं कारण तर उघड आहे. मुळात गोष्टीत मुलगी एकच होती, नंतर तिच्या दोन झाल्या आणि नाव दोघींत वाटून गेलं. पोस्टरवर टोटोरोशेजारी उभी असलेली मुलगी नीट बघा. ती धड सात्सुकी नाही, धड मेई नाही. एकच आहे, जुन्या आराखड्यातली.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. त्या खुनासाठी पोलिसांनी पकडला काझुओ इशिकावा नावाचा चोवीस वर्षांचा तरुण. तो बुराकुमिन होता. म्हणजे कातडी कमावणं, जनावरं कापणं असली कामं पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या वाट्याला आली आणि त्यासाठी ज्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं, त्या समाजातला. मराठी वाचकाला ह्यापुढे तळटीप द्यायची गरज नसावी. इशिकावाला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि खंडणीची चिठ्ठी त्याने लिहिली असा आरोप. त्याने कबुलीजबाब दिला, १९६४ मध्ये फाशीची शिक्षा झाली, मग अपिलात तो म्हणाला की मी हे केलेलंच नाही. १९७४ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. तुरुंगात तो लिहायला-वाचायला शिकला. १९९४ मध्ये पॅरोलवर सुटला आणि पुढे तीस वर्षं फेरसुनावणी मागत राहिला. मार्च २०२५ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी तो गेला. कागदोपत्री गुन्हेगार म्हणूनच गेला.

म्हणजे इथे एक खरी मुलगी आहे, जी खरंच मेली. आणि एक खरा माणूस आहे, ज्याचं आयुष्य ह्यात गेलं. 'डार्क' ज्याला म्हणावं ते सगळं इथे आहे, आणि ह्या थिअरीत त्याचं काम काय, तर मसाला. टपरीवर ही थिअरी सांगणाऱ्या किती जणांनी इशिकावाचं नाव तरी ऐकलंय, हा प्रश्न मी आमच्या बहाद्दराला विचारायला हवा होता. नाही सुचला. असे प्रश्न मला नेहमी लिफ्टमध्ये सुचतात.

आणखी एक. १६ एप्रिल १९८८ ला टोटोरो जपानमध्ये एकटा प्रदर्शित झाला नव्हता. एकाच तिकिटात दोन सिनेमे होते आणि दुसरा होता इसाओ ताकाहाता ह्यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत भुकेने मरणाऱ्या भावा-बहिणीची गोष्ट. त्यातली सेत्सुको चार वर्षांची आहे, मेईएवढीच, आणि ती मरते, आपल्या डोळ्यांसमोर, हळूहळू. मी तो सिनेमा एकदाच पाहिलाय. पुन्हा बघायची हिंमत नाही. सांगायचा मुद्दा हा की चार वर्षांची मुलगी मेलेली दाखवायची असती तर ह्या लोकांना चपला आणि सावल्यांच्या आड लपायची काही गरज नव्हती. त्याच दिवशी, त्याच पडद्यावर ते सरळ दाखवत होते. मेई जगते, कारण ही दुसरी गोष्ट आहे.

आता माझं कारण.

तीन वर्षांपूर्वी माझ्या ताईचं ऑपरेशन झालं. पोटात गाठ होती. गाठ काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्टला आठ दिवस. भावजी इस्पितळात, आई-बाबा आळीपाळीने डबे पोचवताहेत, आणि भाची माझ्याकडे. वय वर्षं सहा. खरं नाव इथे नको, आम्ही तिला ठमाबाई म्हणतो. लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. तिला सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की आईला ताप आलाय, दोन दिवसांत येईल. दोनाचे चार झाले.

पाचव्या दिवशी, शनिवारी, मी तिला टोटोरो लावून दिला. कशाबद्दल आहे ते मला अर्धवटच आठवत होतं. गुबगुबीत प्राणी आहे, पोर रमेल, एवढाच विचार. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तार आली, आणि सात्सुकी रडत रडत आजीला सांगायला लागली की मागच्या वेळीही असंच, थोडे दिवस, सर्दीसारखंच काहीतरी म्हणाले होते. आई मेली तर काय करू? ठमाबाईने रिमोट घेतला, पॉज केलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. मग तिने स्वतःच पुन्हा प्ले केलं.

मियाझाकींच्या लहानपणी त्यांची आई कित्येक वर्षं मणक्याच्या क्षयरोगाने अंथरुणाला खिळलेली होती, हे मी नंतर वाचलं. सिनेमात आजाराचं नाव कुणी घेत नाही. मुलांच्या उंचीवरून जेवढं ऐकू येतं तेवढंच आपल्यालाही कळतं. ती माऊली पुढे बरी झाली, पण झोपलेल्या पोराला रात्री ते कुठे माहीत असतं?

रविवारी माझ्या चुलतभावाचा मुलगा आला होता, नववीतला, शिंगं फुटलेला. त्याने तिला ज्ञान दिलं. रात्री मी दिवा घालवला आणि अंधारातून प्रश्न आला, "मामा, मेई मेली का?"

मी तिला सगळं सांगितलं. चप्पल, सावल्या, जिझो. अगदी मुद्देसूद, डिझाईन रिव्ह्यूला सांगतात तसं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या आईला भेटल्या का नाहीत? नुसतं बघून का आल्या?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हणालो, त्यांना फक्त खात्री करायची होती बहुतेक. आई हसतेय, बोलतेय, एवढं बघितलं, मग बरं वाटलं.

"मला पण तेवढंच बघायचंय."

त्या आठ दिवसांत मी रात्री-रात्री मोबाईलवर नको ते आकडे वाचत होतो. आणि खरं सांगू? काही वेळा असं वाटायचं, काय वाईट असेल ते असो, पण एकदाचं कळू दे. वाट बघणं नको. त्या रात्री पहिल्यांदा मला थिअरीवाल्यांचं थोडं कळलं. सगळे मेलेत म्हटलं की प्रश्नच मिटतो. आई येणार की नाही, कधी येणार, कुणी खरं का सांगत नाही, हे सगळं सुटतं. मृत्यूचा देव परवडला, तार नको. टोटोरोतली खरी भीती वर, उजेडात आहे, दोन लहान मुली ती उचलून चालताहेत, आणि आपण मोठी माणसं तिच्याकडे पाठ करून तळ्यातली चप्पल तपासत बसलोय.

सोमवारी सकाळी मी भावजींना फोन केला. संध्याकाळी सुट्टी टाकून ठमाबाईला स्कूटरवर घेतलं. वाटेत तिने गाडी थांबवायला लावली. कणीस. मी म्हणालो, अगं, आईला खाता येणार नाही. "खायला नाही," ती म्हणाली. गाडीवाला भाजायला लागला तर तिने त्यालाही थांबवलं. कच्चं, सालासकट हवं होतं. कणीस मांडीत घेऊन पुढचा सगळा रस्ता ती गप्प होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिला आईला ताप नाही, ऑपरेशन झालंय, हे सांगितलं. "मला वाटलंच," म्हणाली. सहा वर्षांची!

पार्किंगमधून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या दिसत होत्या. भावजींनी ताईला धरून उभं केलं होतं, सलाईनचा स्टँड शेजारी. ताईने हात हलवला. चेहरा काही नीट दिसत नव्हता, पण हसत असावी. ठमाबाईने दोन्ही हातांनी कणीस डोक्यावर धरलं, वरून दिसावं म्हणून. किती वेळ धरलं होतं देव जाणे. मग वॉचमनकाकांना गाठून "हे वर द्या, खिडकीत ठेवायचं, टेबलावर नाही" असं बजावलं आणि मला म्हणाली, "चल, जाऊया."

रिपोर्ट गुरुवारी आला. लगेच सुटलो असं झालं नाही. पुढे औषधं झाली, आता सहा महिन्यांनी स्कॅन असतं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ताई सध्या ठीक आहे. कामावर जाते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

टपरीवरचा किस्सा काल ठमाबाईला सांगितला. नऊ वर्षांची आहे आता, गृहपाठ करत होती. वर न बघता म्हणाली, "त्या काकांना सांग, टोटोरो कुणाला नेत-बित नाही. त्याने फक्त छत्री घेतली, आणि ती पण त्यांनीच दिली होती."